पहिल्या परिच्छेदातले ‘असूनही’

वार्षिकासाठी आलेले लेख वाचताना आम्हाला एक खोड लागली आहे. लेखाचा पहिला परिच्छेद वाचायचा, कागद पालथा ठेवायचा आणि पुढे लेखक काय लिहिणार याचा अंदाज बांधायचा. मग कागद उलटून ताडून पाहायचे. अंदाज बरोबर आला की माणसाला आनंद व्हायला हवा. इथे मात्र तो जितका बरोबर येतो तितके वाईट वाटते, कारण ज्या लेखाचा शेवट पहिल्या परिच्छेदातच कळतो तो लेख लिहिणाऱ्यालाही लिहिताना काही नवे सापडलेले नसते.

यंदा श्रीगोंद्याच्या शेख महंमदबाबांवर चार लेख आले. चारही लेखक वेगवेगळ्या गावचे, एकमेकांना न ओळखणारे. एक निवृत्त शिक्षक, दोन संशोधक विद्यार्थी आणि एक हौशी अभ्यासक. पण पहिला परिच्छेद चौघांचा एकच. शब्द इकडचे तिकडे झाले असतील, पण ठेवण तीच. महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ, तुकाराम यांनी या भूमीत भक्तीचा मळा फुलवला. याच परंपरेत, जन्माने मुसलमान असूनही मराठी भाषेत विपुल रचना करणारे एक थोर संतकवी म्हणजे शेख महंमद होत.

आम्ही कागद पालथा घातला. पुढे काय येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. जन्मगाव, गुरू, मालोजीराजे, ग्रंथांची यादी आणि शेवटी हिंदू-मुस्लिम ऐक्याचे प्रतीक.

हे लिहिताना आम्ही कुणाला हिणवत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी आम्हीही याच संतावर एक लेख लिहिला होता आणि त्याचा पहिला परिच्छेद जवळजवळ हाच होता. तो छापून आला तेव्हा आम्ही तो अब्बांना मोठ्या कौतुकाने वाचून दाखवला. अब्बांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एवढेच विचारले, “असूनही म्हणजे? दुसऱ्या कशात लिहायला पाहिजे होतं त्यांनी?” आम्हाला उत्तर सुचले नाही. पुढे बरीच वर्षे सुचले नाही.

‘असूनही’ हा शब्द काय करतो ते जरा पाहू. ‘पाय अधू असूनही तो डोंगर चढला.’ ‘घरात अठराविश्वे दारिद्र्य असूनही ती शिकली.’ या वाक्यांत ‘असूनही’च्या आधी जे येते ते अडचण असते, खोडा असतो. नंतर जे येते ते त्या खोड्यावर मिळवलेले यश असते. आता ‘मुसलमान असूनही मराठीत लिहिले’ या वाक्यात अधू पायाच्या जागी कोण येऊन बसले ते वाचकांनीच पाहावे. आणि हे वाक्य दुसऱ्या कुणी आपल्यावर लादलेले नाही. ते आपणच, आपल्याच हाताने, आपल्याच संतावरच्या लेखाच्या दारात लावतो. वर त्यात गौरव आहे असे समजतो.

हेच वाक्य उलटे करून पाहावे. मालोजीराजे भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुले झाल्यावर त्यांची नावे शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरेने आलेली हकिकत आहे. ‘हिंदू असूनही मालोजीराजांनी...’ अशी सुरुवात करून ती सांगितली तर कशी वाटेल? कुणी तशी ती सांगत नाही, कारण त्या काळात नगरच्या मुलखात राहणारा माणूस असे करू शकतो हे ऐकणाऱ्याला आपोआप समजते. मग शेख महंमदांच्या बाबतीत ते का समजत नाही? की समजत असते आणि पहिला परिच्छेद लिहिताना आपणच ते विसरतो?

चांदबीबीवरचे लेख काढून पाहा. 1595-96 मध्ये मोगल फौज नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसली असताना जिने किल्ला लढवला, तिच्यावरच्या लेखातही ‘स्त्री असूनही’ हजर असते. एकाच माणसात दोन्ही ‘असूनही’ भेटल्यावर लेखकाला मेजवानीच! मग तटाला सुरुंगाने पडलेले खिंडार रातोरात कसे भरले, दरबारातल्या गटांना तिने कसे हाताळले, हे सगळे मागे राहते. पुढे येते ते तिचे बाई असणे.

शेख महंमद स्वतःबद्दल कसे बोलतात हे पाहण्यासारखे आहे. ते स्वतःला ‘अविंध’ म्हणवून घेतात. अविंध म्हणजे ज्याचे कान टोचलेले नाहीत तो. मुसलमानासाठी तेव्हा रूढ असलेला शब्द. आपल्या सर्वांना ठाऊक असलेल्या त्यांच्या एका चरणात हा अविंध आणि त्याच्या हृदयातला गोविंद शेजारी शेजारी येतात आणि दोघांचे यमक जुळते. कवीने दोन शब्दांचे यमक जुळवले म्हणजे निदान त्याच्या कानाला ते एकमेकांविरुद्ध वाटले नाहीत, एवढे तरी मान्य करायला हवे. दुसऱ्या एका ठिकाणी ते सांगतात की आपण अविंध कुळात जन्मलो आणि कुराणही बोललो, पुराणही बोललो. यातही अडखळणे नाही. एक गोष्ट सांगून झाली, आता दुसरी, अशा सहज चालीने ते बोलतात. आणखी एका ठिकाणी म्हणतात की मुसलमान ज्याला पीर म्हणतात त्याला मराठी लोक सद्गुरू म्हणतात, आणि डोळे उघडून पाहिले तर दोहोंत भेद नाही. हे सांगताना त्यांची भाषा मराठीतून हिंदवीत जाते. ज्या माणसाला भाषा बदलतानाही थांबावे लागले नाही त्याच्या लेखाच्या दारातच आपण वाचकाला ‘असूनही’ म्हणून थांबवतो.

रा. चिं. ढेरे यांनी 1967 मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले, त्याचे नाव ‘मुसलमान मराठी संतकवी’. तीन शब्द ओळीने उभे आहेत. मध्ये ‘तरी’ नाही, ‘परंतु’ नाही, ‘असूनही’ नाही. वा. सी. बेंद्रे यांनी ‘योगसंग्राम’ आणि शेख महंमदांची कविता संपादून आपल्या हाती दिली, यू. म. पठाणांनी मुसलमान संतकवींच्या मराठी रचनेवर लिहिले. सामग्री नाही अशी तक्रार निदान या विषयात करता येत नाही. सामग्री आहे, लेखात शिरण्याची वाट मात्र आपण एकच धरून बसलो आहोत.

ही वाट आली कुठून? आम्हाला वाटते, आपल्या शालेय निबंधाच्या पहिल्या परिच्छेदात जुन्या मंगलाचरणाची सवय उरली आहे. पूर्वी कुठलाही ग्रंथ वंदनाने सुरू होई. आपल्या उर्दू-दखनी मसनव्यांतही आधी हम्द, मग नात. या रिवाजात काही गैर नव्हते. पण जुने लोक वंदनातच ग्रंथाचे काम सुरू करीत हे आपण विसरलो. याच जिल्ह्यात, नेवाशाला, 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवर निरूपण केले. त्याच्या आरंभी गणेशाचे वर्णन आहे. तो गणेश घडला आहे तो शब्दांचा, शास्त्रांचा, पुराणांचा, काव्य-नाटकांचा. म्हणजे आपण जे करायला बसलो आहोत ते वाङ्मयाचे काम आहे, हे त्यांनी वंदनातच सांगून टाकले. हे मंगलाचरण काढून दुसऱ्या ग्रंथाला लावता येणार नाही. आपले ‘महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे’ हे वाक्य मात्र कुठल्याही संतावरच्या कुठल्याही लेखाला लावता येते. किराणा दुकानातल्या पिशवीसारखे ते आहे, आत काहीही भरा.

मसनवीत हम्द आणि नात झाल्यावर पुष्कळदा एक भाग येतो, त्याला ‘सबब-ए-तालीफ’ म्हणत. ग्रंथ लिहिण्याचे कारण. कवी सांगतो की कुणी आग्रह केला, कुठली गोष्ट कानावर आली, काय मनात सलत होते म्हणून मी हे लिहायला बसलो. आपल्या परंपरेत हे इतके जवळ असताना आपल्या लेखांतून नेमके तेच गळाले आहे. हम्दची जागा संतांच्या भूमीने घेतली आणि सबब राहूनच गेली. पहिला परिच्छेद वाचून हा लेख या माणसाने आजच का लिहिला, त्याला काय खुपले, हे कळत नाही.

उदाहरणे शोधायला दूर जायचे कारण नाही. ज्या शहराचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले त्या आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य कैदेत आणले गेले. त्यातल्या दोघांनी तिथे लिहिलेली दोन पुस्तके 1946 मध्ये प्रसिद्ध झाली. मौलाना आझादांचे ‘गुबार-ए-खातिर’ आणि पंडित नेहरूंचे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’. दोन्ही वेगळ्या जातीची पुस्तके, दोन वेगळ्या भाषांतली, पण पहिल्या परिच्छेदाच्या बाबतीत आम्हाला ती एकाच किल्ल्यातली वाटतात.

आझादांचे पुस्तक पत्रांचे आहे, पण ती पत्रे नावालाच. खरे तर ते निबंधच. पत्रे भीकमपूरच्या मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला लिहिली आणि कैदेतून ती पाठवता येत नव्हती म्हणून तशीच साठत राहिली. वर जागा: किल्ला-ए-अहमदनगर. तारीख. बहुधा एखादा फारसी शेर. मग ‘सदीक-ए-मुकर्रम’ हे संबोधन. आणि मग काय? कित्येक पत्रांत मग येते ती पहाटेची वेळ आणि चहा. आझाद तीन-चारला उठत, स्वतःच्या हाताने चिनी चमेलीचा चहा करीत, साखर-दुधाच्या चहावर त्यांचा राग. पुढे कुठे कुठे जायचे असते: ईश्वराच्या अस्तित्वाचा प्रश्न, कोठडीत घरटे करणाऱ्या चिमण्या, संगीत. पण आरंभ असतो तो आता, इथे, या घटकेला.

हा माणूस त्या वेळी काँग्रेसचा अध्यक्ष होता. इस्लामी विद्येतला पंडित होता. ‘मुसलमान असूनही राष्ट्रीय चळवळीत’ हे वाक्य त्यांच्याविषयी लोकांनी किती वेळा लिहिले असेल! त्यांनी स्वतः ते एकदाही दारात ठेवले नाही. ठेवायची गरजच नव्हती, कारण ज्या मित्राला पत्र लिहायचे त्याला हे सगळे ठाऊक होते. आम्हाला या पुस्तकातून मिळालेली सर्वांत मोठी गोष्ट हीच. पहिला परिच्छेद कसा होणार हे विषयाच्याही आधी, तो कुणाला उद्देशून लिहिला आहे यावर ठरते. आझादांसमोर शेरवानी होते. शेख महंमदांवर लिहिताना आपल्यासमोर कोण असतो? ‘असूनही’ लिहितो तेव्हा समोर एक संशयी अनोळखी माणूस बसलेला असतो. आपण त्याला आधी चारित्र्याचा दाखला देतो. मग तो मान हलवील, मग कवितेकडे वळू. पण दाखला देता देताच लेख संपतो.

11 एप्रिल 1943 चे पत्र आम्ही पुन्हा पुन्हा वाचतो. कलकत्त्यात आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम यांचे 9 एप्रिलला निधन झाले. त्या आजारी असताना भेटीसाठी सरकारकडे अर्ज करायला आझादांनी नकार दिला होता. त्या पत्रात ते आपला रोजचा क्रम कसा मोडू दिला नाही हे सांगतात आणि तो सगळा शांतपणा काहीसा देखावा होता असेही कबूल करतात. शेवटी किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या, कुणाची ते माहीत नसलेल्या कबरीकडे येतात. ती कबर पहिल्या परिच्छेदात आली असती तर पत्र तिथेच संपले असते. आपल्यातले पुष्कळ लेखक आपल्याजवळची कबर पहिल्याच ओळीत आणून ठेवतात. वाचकाला रडवायची घाई झालेली असते.

नेहरूंचे पहिले प्रकरण एप्रिल 1944 चे, नावच ‘अहमदनगर किल्ला’. आरंभ असा की इथे आणून वीस महिन्यांहून अधिक काळ झाला, आलो तेव्हा आकाशात चंद्रकोर होती, आणि कैदेत चंद्रच दिवस मोजायला मदत करतो. मग बागेसाठी खणलेली कठीण, दगडाळ जमीन, त्या खणण्यात लागलेले जुने अवशेष, त्यातून चांदबीबी, आणि मग हळूहळू हजारो वर्षांचा हिंदुस्थान. विषय एवढा अफाट, पण दार केवढेसे! आपण उलट करतो. विषय एका कवीच्या एका ग्रंथाचा असतो आणि आरंभाला अवघा महाराष्ट्र, कधी अवघा भारत, एकाने तर यंदा ‘मानवी संस्कृतीच्या उगमापासून’ सुरुवात केली आहे. श्रीगोंद्याला पोचेपर्यंत त्याची तीन पाने गेली.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. हे वाचून पुढच्या वर्षी आमच्याकडे पहाटे चारला चहाची वाफ निघणारे दहा लेख येतील अशी आम्हाला धास्ती आहे. काही आताच येतात. ‘खिडकीबाहेर पाऊस पडत होता आणि हातात योगसंग्राम होते.’ पावसाचा योगसंग्रामाशी काय संबंध ते शेवटपर्यंत कळत नाही. आझादांचा चहा शोभेचा नाही. कैदेत दिवसाचा क्रम स्वतः ठरवणे हीच त्यांची उरलेली मोकळीक होती, आणि पुढच्या सगळ्या विचारांना तीच मोकळीक आधार देते. घड्याळ आणि किटली उसनी घेऊन ती मिळत नाही.

आधुनिक साहित्यावरच्या लेखांतही ‘असूनही’ शब्द बदलून येतो. हमीद दलवाईंच्या ‘इंधन’वर लिहायचे तर पहिल्या परिच्छेदात मुस्लिम सत्यशोधक मंडळ येते. ‘इंधन’ 1965 ची कादंबरी, मंडळ 1970 चे. पाच वर्षांनंतरच्या चळवळीच्या चष्म्यातून आधीची कादंबरी वाचायला आपण वाचकाला दारातच बजावतो. दलवाईंच्या विचारांशी कुणाचे कितीही मतभेद असोत, आमचेही आहेत, पण बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेल्या माणसाची ती गोष्ट आधी गोष्ट म्हणून वाचली जाण्याचा तिचा हक्क आपण हिरावून घेतो. दलवाईंचे भक्त आणि विरोधक दोघेही हे सारख्याच उत्साहाने करतात. नव्या कथासंग्रहाच्या परीक्षणात 2006 चा सच्चर अहवाल पहिल्या परिच्छेदात येतो. अहवाल महत्त्वाचा आहे यात शंका नाही. पण कथेतल्या बाईने चुलीवर काय ठेवले आहे हे कळायच्या आधी तिची टक्केवारी कळते. 1990 ला सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. तेव्हा ‘आम्ही कोण’ हे सांगणे ही गरज होती आणि त्या पिढीने ते सांगितले. त्यानंतर पस्तीसेक वर्षांनीही प्रत्येक लेख तिथूनच सुरू व्हावा का?

नुसती टीका करणे सोपे. म्हणून आम्ही आमचा तो जुना लेख काढला आणि पहिला परिच्छेद पुन्हा लिहायला बसलो. चार दिवस गेले. तीन मसुदे फाडले. एकात ‘असूनही’ गेले आणि ‘विशेष म्हणजे’ आले. ते तर त्याहून लबाड. शेवटी जे उरले ते असे:

‘शेख महंमदांनी आपल्या ग्रंथाचे नाव योगसंग्राम ठेवले. योग म्हटले की आसन, मौन आणि मिटलेले डोळे आठवतात, संग्राम म्हटले की घोडे आणि तलवारी. कवी राहत होता त्या मुलखात दुसऱ्या जातीचा संग्राम रोजचाच होता. निजामशाही पडत होती, मोगल आणि आदिलशाही तिचे लचके तोडत होते. अशा काळात माणसाने आपल्या मनाशी केलेल्या झुंजीला त्यांनी लढाईचेच नाव का दिले? हे रणांगण गीतेतून आले की नफ्सशी लढण्याच्या सूफी शिकवणुकीतून? ग्रंथ जसजसा वाचत गेलो तसतसा या प्रश्नातला ‘की’ आम्हाला टिकवता आला नाही. तो का टिकला नाही, ते या लेखात सांगायचे आहे.’

हा परिच्छेद आदर्श आहे असा आमचा दावा नाही. ‘लचके तोडत होते’ जरा भडक झाले आहे. पण यात कवी मुसलमान आहे हे त्याच्या नावावरून कळते, तो मराठीत लिहितो हे ग्रंथाच्या नावावरून कळते, आणि त्यात नवल करण्यासारखे काही आहे असे लेखक सुचवत नाही. नवल आहे ते ग्रंथाच्या नावात. वाचकाने ते ग्रंथातच शोधायचे आहे. आणि सबब शेवटच्या वाक्यात आली आहे. कवी कुठला, गुरू चांद बोधले कोण, मालोजीराजांनी मठासाठी काय दिले, भक्तविजय लिहिणाऱ्या ताहराबादच्या महिपतींनी त्यांच्याविषयी काय सांगितले, हे सगळे दुसऱ्या परिच्छेदात निवांत सांगता येते. त्याला कुणी पळवून नेत नाही.

चारही लेखकांना आम्ही पत्रे पाठवली. लेख परत केले नाहीत, एवढेच विचारले की पहिला परिच्छेद पुन्हा लिहाल का. तिघांनी होकार दिला. चौथ्या तरुणाने, तो संशोधक आहे आणि त्याचा लेख चौघांत सर्वांत कसून लिहिलेला आहे, आम्हाला उलट उत्तर पाठवले. तो लिहितो, “सर, ‘असूनही’ काढले तर तुम्हाला-मला बरे वाटेल. पण आजकाल लोक विचारतात, तुमचा मराठीशी संबंध काय? त्यांना उत्तर द्यायला नको का? माझा लेख फक्त आपल्या माणसांनी वाचावा असे मला वाटत नाही.”

हे उत्तर खिशात घालून फिरण्यासारखे आहे आणि आम्ही फिरलोही. तो म्हणतो ते खोटे नाही. प्रश्न विचारला जातो, आणि पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात. गेल्या काही वर्षांत श्रीगोंद्यातल्या खुद्द बाबांच्या स्थानावरून वाद पेटला: दर्गा म्हणायचे की समाधिमंदिर, वक्फचे की गावाचे. मोर्चे निघाले, गाव बंद झाले. आता त्यांच्यावर लेख लिहिणाऱ्याला पहिल्या परिच्छेदात एक नाम निवडावे लागते, आणि त्या एका नामावरून तो कुठल्या बाजूचा ते ठरते. अशा दिवसांत ‘असूनही’ म्हणजे निदान सलोख्याचा शब्द, असे त्या तरुणाला वाटत असेल तर त्याला दोष कसा द्यावा?

आम्ही त्याला लिहिले की उत्तर जरूर दे, पण विचारणाऱ्याच्या शब्दांत देऊ नकोस. ‘मुसलमान असूनही मराठी’ म्हणताना तू त्याचा प्रश्न मान्य केलास, फक्त एका माणसाला त्यातून सूट मिळवून दिलीस. शेख महंमदांना सूट मिळाली, बाकीच्यांचे काय? त्यांच्या आधीच्यांचे, नंतरच्यांचे, तुझ्या आजीचे? यावर त्याने अजून उत्तर पाठवलेले नाही. लेख त्याचा आहे, तो म्हणेल तसा छापू. हा मजकूर त्याच अंकात असेल, वाचकांनी दोन्ही वाचावेत.

जे तीन परिच्छेद पुन्हा लिहून आले त्यांतला एक श्रीगोंदा तालुक्यातल्याच एका मुलीचा आहे. तिने संतांची भूमी काढून टाकली. दर्गा आणि समाधिमंदिर या दोन शब्दांवर ती आधी बरीच अडली असावी, कागदावर खाडाखोड आहे. मग तिने लिहिले आहे की तिची नानी यांतला कुठलाच शब्द वापरत नसे. घरातून निघताना डोक्यावर पदर घेत ती म्हणायची, “बाबांकडे जाऊन येते.” शेजारची पाटलीणबाईही हेच म्हणायची, आणि बऱ्याचदा दोघी बरोबरच जायच्या. पुढच्या वाक्यापासून ती मुलगी थेट ‘योगसंग्राम’वर येते. आम्ही कागद पालथा घातला आणि पुढे काय येणार याचा अंदाज बांधायला लागलो. बांधता आला नाही, म्हणून कागद उलटला आणि वाचत गेलो.